शाकारलेली टाकी

पुंडलिकची जीप गडबच्या पुढे रस्त्याखालच्या मोरीजवळ बंद पडली की मागे बसलेली माणसं आता कुरकुरतही नसत. कोणी बिडी काढी, कोणी कडेला उभं राहून भाताची लोंबी कितपत भरलीय ते बघे, आणि मोतीराम उतरून मोरीशेजारच्या शेंदूर फासलेल्या धोंड्याला हात जोडी. तो मस्करीने हात जोडतो की मनापासून, हे कोणालाच कळत नसे. बहुधा त्याचं त्यालाही कळत नसावं.

जीप डिझेलची, लांब पाठीची, पेणच्या एका ठेकेदाराने वापरून सोडलेली. पुंडलिकने ती घेतली तेव्हा गावात सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्याचं घर मिठागरवाल्यांचं. बाप आणि आजा खाडीच्या पाण्यातच म्हातारे झाले. पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, फावड्याने मीठ ओढायचं आणि त्याच मिठाने फुटलेल्या टाचा रात्री खोबरेल लावून शेकायच्या. पुंडलिकनेही तरुणपणातली बरीच वर्षं तेच केलं. मग रोह्याजवळच्या एका कंपनीला खाडीकाठच्या गावांतली माणसं सकाळच्या पाळीला आणायला गाडी हवी होती, ती फेरी त्याला मिळाली. टाचा भरून आल्या. पहिल्यांदा बूट घातले तेव्हा पाय कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटले होते.

ती फेरी आता जायच्या वाटेवर होती.

कंपनीच्या फाटकावर गाड्यांचं बघणारा हैबतराव हा काही वाईट माणूस नव्हता. त्याने पुंडलिकला बाजूला घेऊन, चहा पाजून सांगितलं होतं. रात्रपाळीचा माणूस भट्टीवर उभा असतो. बदलीचा माणूस आल्याशिवाय त्याला तिथून हलता येत नाही. जीप मोरीवर अडकली की तो बिचारा ताटकळतो, मग साहेबाकडे जातो, आणि साहेब हैबतरावला विचारतो. या महिन्यात असं बरेचदा झालं होतं. नागोठण्याच्या एकाची नवी गाडी फेरी मागतच होती. आणखी एकदा उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं हैबतराव म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. त्या चहापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं पुंडलिकला वाटलं.

गाडी बंद कशी पडे, तेही सांगितलं पाहिजे. धक्का नाही, आवाज नाही. पेणहून निघाली की चांगली पळत यायची. गडब मागे पडलं की हळूहळू जोर जायचा. पाय दाबला तरी ऐकायची नाही. मग दोन-चार आचके द्यायची आणि गप्प. पुंडलिक बॉनेट उघडी. डिझेलच्या पंपाला हाताने दाबायचा एक दट्ट्या असतो, तो दाबत बसे. आधी दट्ट्या नुसता पोकळ जाई, त्याला काही लागतच नसे. बऱ्याच वेळाने कुठून तरी डिझेल येऊ लागे, दट्ट्या हाताला जड लागे, आणि जीप पुन्हा चालू होई, जशी काही झालीच नव्हती बंद.

ज्याने त्याने सांगितलं, एअर धरते. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरते आणि इंजिन उपाशी राहतं. गॅरेजवाले ज्याला एअर धरणं म्हणतात ते हेच.

रोह्याचा दाजी मिस्त्रीही आधी तेच म्हणाला. दाजी म्हातारा, हाताला सफाई, बोलणं कमी. त्याने सगळ्या नळ्या काढून तोंडाने फुंकल्या, एकेक जोड साबणाच्या पाण्याने तपासला. कुठे बुडबुडा नाही. मग फिल्टर नवा घातला. मग पंप उघडून आतल्या झडपा पाहिल्या, त्याही ठाकठीक. दर वेळी तो आधी टाकीचं झाकण काढी, नाक लावून डिझेलचा वास घेई, मगच कामाला लागे. सगळं झाल्यावर दोघं निडीच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येत. तेव्हा रोह्याच्या पुढे कोकणात रूळ टाकायचं काम नुकतं सुरू झालं होतं, खडीचे डंपर सारखे आडवे येत. त्या गर्दीतही जीप कुठे अडली नाही.

“डॉक्टरपुढं आली की हिचा ताप उतरतो,” दाजी म्हणाला. “मी कशावर औषध देऊ?”

शेवटी त्याने एक सल्ला दिला. जुनी टाकी, तळाशी गाळ असणार. डिझेल कमी झालं की गाळ नळीच्या तोंडाशी येत असेल. तेव्हा टाकी कधी उतरू देऊ नको, काठोकाठ ठेव.

पुंडलिकने सल्ला मानला. रोज पहाटे पेणच्या पंपावर टाकी गच्च भरू लागला. आणि आधी चार दिवसांतून एकदा बंद पडणारी जीप आता रोज बंद पडू लागली.

हे सगळ्यात आधी मोतीरामच्या ध्यानात आलं. मोतीराम गडबच्या मागच्या वाडीवरचा, कंपनीत पोती उचलायच्या कामाला. तो नाक्यावर चढायचा आणि लगेच मोरीवर उतरायचा, त्यामुळे जीपवर बोलायचा पहिला हक्क आपला, असं तो समजे. “उपाशी असली तर रोह्याला पोचवते,” तो म्हणाला, “पोटभर जेवली की मोरीवर आडवी. बरी सवय लावलीस पुंडलिक.” सगळे हसले, पुंडलिकही हसला. पण माशाचा काटा घशात राहावा तसं ते बोलणं त्याच्या मनात राहिलं.

मोरीवरच्या धोंड्याची गोष्ट मात्र तोवर गावोगाव झाली होती. गाडी तिथेच का अडते? तर त्या देवाचं काही राहिलंय. कोणी सांगे, रस्ता रुंद करताना धोंडा सरकवला. कोणी सांगे, पूर्वी बैलगाड्याही तिथे थांबत. पुंडलिकने दोनदा उदबत्ती लावली. मग एके दिवशी पेणच्या पंपावर डिझेल नव्हतं म्हणून त्याने दुपारी रोह्यात टाकी भरली, आणि परतताना जीप नागोठण्याच्या अलीकडे खिंडीतच बसली. मागून मोतीरामचा आवाज आला, “देवाची बदली झाली वाटतं.”

पुंडलिक तेव्हा हसला नाही. दट्ट्या दाबता दाबता तो विचार करीत राहिला. जागा बदलली. म्हणजे जागेचा दोष नाही. भरल्यापासून अमुक इतकं चाललं की ती थांबते. इथवर त्याचं डोकं पोचलं, त्याच्या पुढे जाईना.

घरी त्याची आई, धोंडुबाई, हे सगळं ऐकत होती. तिचं वय झालं होतं, पण नजर घारीची. मिठागरावर डोक्यावरून टोपल्या वाहून तिची मान थोडी आत गेली होती. लेकाची फेरी जाणार आणि तो पुन्हा त्या पाण्यात उतरणार, या धास्तीने तिला जेवण जाईना. मोरीच्या देवाला आपण स्वतः नारळ द्यायचा, असं तिने ठरवलं. निडीला दिलेली तिची लेक पुतळी आजारातून उठली होती, तिलाही बघून व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पिशवीत नारळ घालून जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसली.

पुंडलिकने पेणला टाकी भरली. सवयच झाली होती. गडबच्या नाक्यावर मोतीराम चढला, धोंडुबाईला बघून म्हणाला, “काकी, आज तुमच्यासमोर तरी हिला लाज वाटू दे.”

लाज वाटली नाही. उजाडत होतं, भातावर धुकं होतं, आणि मोरी दिसू लागली तसा पुंडलिकच्या पायाखालचा जोर ओसरला. आचके. गप्प.

हैबतरावचा निरोप सगळ्यांनाच ठाऊक होता. बिडी काढणाऱ्यानेही बिडी काढली नाही. पुंडलिकने बॉनेट उघडली आणि दट्ट्यावर हात ठेवला. दट्ट्या पोकळ. तो दाबत राहिला.

धोंडुबाई खाली उतरली. धोंड्यापुढे जाऊन तिने नारळ फोडला. पाणी शेंदरावर शिंपडलं, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मग नारळाची दोन्ही भकलं पिशवीत टाकली. शेंदराने आणि नारळाच्या पाण्याने हात चिकट झाले होते, म्हणून ती जीपच्या मागे आली. तिथे माणसांना प्यायला ठेवलेला प्लास्टिकचा पाण्याचा कॅन असे, खाली तोटी असलेला. रस्त्याच्या खड्ड्यांनी सांडू नये म्हणून पुंडलिक त्याचं झाकण घट्ट फिरवून ठेवी. तिने तोटी उघडली. धार आली, बारीक झाली, थेंब पडले आणि थांबली.

“संपलं वाटतं,” मोतीराम म्हणाला.

“संपतंय कशाला. भरलेला हाय.” तिने झाकण अर्धं फिरवलं. कॅनने घटकन आवंढा गिळला आणि तोटीतून भळभळून पाणी सुटलं. ती शांतपणे हात धुऊ लागली.

पुंडलिक पुढून ते बघत होता. दट्ट्यावरचा हात तसाच राहिला.

त्याला श्रावणातली गोष्ट आठवली. मोठ्या पावसात टाकीत पाणी गेलं होतं आणि जीप बसली होती. दाजीने बाटलीत काढून दाखवलं, वर डिझेल, खाली गढूळ पाणी. टाकीत पाणी जाऊ देऊ नको एवढंच तो म्हणाला होता. पुंडलिकने ते घरी सांगितलं. धोंडुबाईने जन्मभर एकच लढाई केलेली, मिठाची आणि पाण्याची. मिठागरवाल्यांच्या घरात पावसाळ्याचं मीठ बरणीत भरतात, तोंडावर फडकं बांधतात आणि वरून मेण ओततात. उघडं राहिलं तर चार दिवसांत मिठाचं पाणी. सकाळी ती जीपपाशी गेली, मागच्या चाकाजवळचं टाकीचं झाकण तिने बारकाईने पाहिलं, आणि तिला त्यात टाचणीएवढं एक भोक सापडलं. “हा बघ चोर, हितून येतो,” ती म्हणाली होती. पळीत मेण वितळवून तिने ते भोक बुजवलं आणि झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं कडं बसवलं. त्यानंतर टाकीत पाण्याचा थेंब गेला नाही. पुंडलिकने चार लोकांत आईचं कौतुकही केलं होतं.

चोर नव्हता तो. नाक होतं टाकीचं.

डिझेल खाली खेचलं जातं, पण वरून वारा आत जायला वाट नाही. कॅनच्या तोटीसारखंच. टाकी रिकामी असली तर आत मुळातच वारा बराच, तो पुरतो. गच्च भरली की थोडं डिझेल गेल्याबरोबर सगळं आवळून बसतं. दाजी दर वेळी आधी झाकण काढायचा, म्हणून त्याच्यापुढे जीप कधी आजारी पडली नाही. वाट बघत बसलं की कुठल्या तरी फटीतून हळूहळू वारा शिरतो आणि आपल्याला वाटतं, दट्ट्याने काम केलं.

हे सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या एकदम दिसलं. आणि त्याबरोबरच आई दिसली, ओले हात पदराला पुसत, धोंड्याकडे वळून बघणारी.

त्याने डिझेल मोजायची बांबूची काठी घेतली आणि मागच्या चाकाकडे गेला. कोणाला वाटावं, डिझेल किती आहे ते बघतोय. झाकण फिरेना. आतून कोणी हात धरून ठेवल्यासारखं ते बसलं होतं. त्याने रुमाल गुंडाळून जोर लावला. सूंऽऽ करून टाकीने लांब श्वास घेतला. बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा.

काठी बुडवून काढल्यासारखं केलं, झाकण नुसतं ठेवलं, पिळलं नाही. पुढे येऊन दट्ट्या दाबला. थोड्याच दाबात तो जड झाला. चावी फिरवली आणि जीप लागली.

मागून मोतीराम म्हणाला, “पावला. काकी, तुमचा नारळ पावला.”

धोंडुबाई पुढे येऊन बसली. एवढ्या माणसांत आईने बुजवलेल्या भोकाचं नाव काढायला त्याची जीभ वळेना. त्याने गाडी दामटली. निडीच्या फाट्यावर आई उतरली, आणि कंपनीचा भोंगा व्हायच्या आत माणसं फाटकातून आत गेली. हैबतरावने घड्याळाकडे पाहिलं, मग पुंडलिककडे, आणि नुसती मान हलवली. पुंडलिकने तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

नंतर तो दाजीकडे गेला. दाजीने झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरलं, बारीक तारेने मेण उकरलं, भोकातून आभाळ दिसेपर्यंत. बराच वेळ तो त्या भोकाकडेच बघत राहिला.

“मी तरी काय,” तो म्हणाला. “दर वेळी पेशंटाच्या तोंडावरचा बोळा काढून मग नाडी बघत होतो.”

त्याने मजुरी घेतली नाही, उलट वडापाव मागवला. मात्र एक गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली. झाकण जुनं, भोक वरच्या बाजूला, मोठ्या पावसात पाणी पुन्हा जाणार. परतीचा पाऊस अजून व्हायचा होता. त्याचं काहीतरी बघ, असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

दुपारच्या फेरीत पुंडलिकने आईला फाट्यावरून घेतलं. माणसं मागे पेंगत होती. मोरी आली आणि गेली. जीप थांबली नाही. मोतीराम झोपेत होता, त्याला कळलंही नाही. पुंडलिकला वाटत होतं आता बोलावं, पण आई खिडकीतून बाहेर बघत होती, आणि वाऱ्यात बोलणं ओरडून करावं लागलं असतं. ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर चहा झाला. पुंडलिकने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामाच तोंडाला लावला.

“नारळाचं झालं ते बरं झालं आये,” तो म्हणाला.

“झाकण काढलंस तवा मी बगत होते,” धोंडुबाई म्हणाली. “सूं झालं, ते मीबी ऐकलं.”

पुंडलिकने कप हळूच खाली ठेवला.

“बरणी उघडताना तसाच आवाज होतो. कान का गेलेत माजे?”

“मग तितंच का नाय बोललीस?”

“तू नाय बोललास, म्हणून.”

खाडीकडून वारा येत होता, त्याला भरतीचा वास होता. मग धोंडुबाई स्वतःशीच हसली. म्हणाली की, माझीच अक्कल उलटी चालली. बरणीतलं मीठ आणि राशीतलं मीठ यांत फरक असतो, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? मिठागरावर पावसाळ्यात एवढी मोठी रास उभी असते, तिला कोणी मेण लावतं का? तिला पेंढ्याने शाकारतात. पाणी वरून घसरून जातं आणि वारा आतून फिरतो. कोंडून ठेवली तर रास आतूनच घाम धरते आणि बसते.

“म्हंजे?” पुंडलिकने विचारलं.

“म्हंजे बुजवायचं नाय. शाकारायचं.”

ती आत गेली आणि सकाळची नारळाची भकलं घेऊन आली. खोबरं तिने निडीला लेकीकडेच काढून ठेवलं होतं. करवंट्या मात्र पिशवीत परत आणल्या होत्या. म्हणजे तिथेच, लेकीच्या दारात बसून, तिचा सगळा विचार होऊन गेला होता. एक करवंटी तिने पुंडलिकच्या हातात दिली आणि भोकं कुठे पाडायची ते बोटाने दाखवलं. दिवेलागणीच्या आत करवंटी तारेने टाकीच्या झाकणावर छपरासारखी बसली, उतरती, खालून मोकळी. धोंडुबाईने तांब्याभर पाणी वरून ओतलं. सगळं बाहेरच्या बाहेर गळून गेलं. तिने खाली वाकून, करवंटीखाली बोट घालून, झाकण चाचपून पाहिलं.

“कोरडं हाय,” ती म्हणाली.

परतीचा पाऊस झाला, चांगला झोडपून झाला. टाकीत पाणी गेलं नाही आणि जीप मोरीवर थांबली नाही. नागोठण्याच्या गाडीला दुसरीकडे कुठे तरी फेरी मिळाली. हैबतरावने पुन्हा कधी चहा पाजला नाही, त्याचं पुंडलिकला बरंच वाटलं.

करवंटीबद्दल मोतीरामने पहिल्याच दिवशी विचारलं. पुंडलिकने सरळ सगळं सांगितलं, आईच्या सांगण्यावरूनच. मोतीरामने ऐकून घेतलं, करवंटी टकटक वाजवून पाहिली.

“म्हणजे देवाचा काय संबंध नव्हता.”

“नव्हता.”

“पण करवंटी त्याच्याच नारळाची.”

त्यानंतरही मोरी आली की मोतीराम हात जोडायचाच. आता गाडी थांबत नसल्यामुळे त्याला ते जरा घाईने, बसल्या जागीच करावं लागे.